पाऊण किलो मटार चोवीस रुपयांना

पुण्याच्या मंडईतून बुधवार पेठेकडे चालत निघालं तर वजनकाट्याच्या प्रोजेक्टला लागणारं जवळजवळ सगळं सामान वाटेत मिळतं. तपकीर गल्ली आणि तिच्या आजूबाजूच्या दुकानांत लोडसेल, एचएक्स७११ चा बोर्ड, आर्डुइनो ऊनो किंवा ईएसपी३२, डिस्प्ले. थोडं पुढे गेलं की अप्पा बळवंत चौकात सी भाषेची पुस्तकं. डिप्लोमाच्या आणि इंजिनिअरिंगच्या मुलांचा हा आवडता प्रोजेक्ट आहे: काट्यावर भाजी ठेवायची, किलोचा भाव टाकायचा, पडद्यावर वजन आणि किंमत उमटली पाहिजे. लोडसेल कसा जोडायचा हे सांगणारे भरपूर आहेत. मला बोलायचंय ते त्यातल्या सी प्रोग्रामबद्दल, आणि त्यातही एकाच गोष्टीबद्दल: लहान अनसाइन्ड पूर्णांकांचं गणित करण्याआधी कंपायलर त्यांना गुपचूप कशात बदलून घेतो.

धरून चाला की वजन ग्रॅममध्ये आहे आणि भाव किलोला रुपयांत. दोन्ही कधी उणे होत नाहीत, दोन्ही ६५,५३५ च्या आत मावतात, म्हणून तुम्ही दोन्हींसाठी सोळा बिटांचा अनसाइन्ड शॉर्ट घेतलात. किंमत म्हणजे वजन गुणिले भाव, भागिले १०००. मटार १२० रुपये किलो. ईएसपी३२ वर अर्ध्या किलोचे ६० रुपये येतात, पाऊण किलोचे ९०. छान. आता तोच प्रोग्राम, एकही अक्षर न बदलता, ऊनोवर चढवा. अर्ध्या किलोचे ६० येतात. पाऊण किलोचे २४.

७५० गुणिले १२० म्हणजे ९०,०००. एव्हीआर चिपच्या ऊनोवर इंट सोळा बिटांचा असतो. दोन अनसाइन्ड शॉर्टांचा गुणाकार तिथे सोळा बिटांच्या अनसाइन्ड इंटमध्येच होतो आणि त्यात ६५,५३५ च्या वरचं काही राहत नाही. ९०,००० मधून ६५,५३६ गेले, उरले २४,४६४. हजाराने भागले की २४. ईएसपी३२ वर इंट बत्तीस बिटांचा असल्यामुळे ९०,००० आरामात बसले. मजा अशी की ५४६ ग्रॅमपर्यंत ऊनोसुद्धा बरोबर सांगतो, ६५ रुपये. ५४७ ग्रॅमला तो सांगतो शून्य रुपये. परीक्षकांसमोर तुम्ही अर्ध्या किलोचंच वजन ठेवलंत तर प्रोजेक्ट पास.

मंडईतला विक्रेता ९०,००० हा आकडा कधी तयारच होऊ देत नाही. पावशेराचे तीस, तीन पाव म्हणजे नव्वद. तो आधी भाग देतो आणि मग गुणतो. प्रोग्राममध्ये मात्र हे करू नका: पूर्णांकांत १२० भागिले १००० म्हणजे शून्य, आणि मग कितीही भाजी घेतली तरी फुकट.

एक खुलासा इथेच करतो. बाजारात व्यवहारासाठी वापरायचा काटा २००९ च्या वैध मापन कायद्याखाली मंजूर मॉडेलचा असावा लागतो, त्याची पडताळणी होऊन त्यावर मुद्रांकन व्हावं लागतं. इथली उदाहरणं शिकाऊ प्रोजेक्टची आहेत. मंडईतल्या काट्यांवर मी काही शिंतोडे उडवत नाही. आणि तुम्ही बनवलेला काटा कितीही चांगला चालला तरी तो ओळखीच्या भाजीवाल्याला धंद्यासाठी देऊ नका.

बढतीचा नियम

सी भाषेत इंटपेक्षा लहान पूर्णांकांवर थेट गणित होत नाही. कॅरॅक्टर असो की शॉर्ट, बेरीज, वजाबाकी, तुलना, सरकवणं, उलटवणं, काहीही करायचं म्हटलं की त्याला आधी इंटच्या पातळीला बढती मिळते. यालाच इंटीजर प्रमोशन म्हणतात. आजचा प्रमाणित नियम असा: लहान प्रकाराच्या सगळ्या किमती इंटमध्ये मावत असतील तर बढती साध्या, म्हणजे चिन्हासकटच्या इंटमध्ये. मावत नसतील तरच अनसाइन्ड इंटमध्ये.

हा नियम पुन्हा एकदा सावकाश वाचा, कारण बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. तुम्ही घोषणा करताना 'अनसाइन्ड' लिहिलंत म्हणून गणितही अनसाइन्ड होईल असं मुळीच नाही. आठ बिटांचा अनसाइन्ड कॅरॅक्टर ० ते २५५ इतकाच असतो, तो सोळा बिटांच्या इंटमध्येही मावतो, बत्तीसच्याही. म्हणून प्रमाणित कंपायलरवर तो नेहमी साइन्ड इंट होतो. सोळा बिटांच्या अनसाइन्ड शॉर्टचं तसं नाही. इंट बत्तीस बिटांचा असेल तर तो साइन्ड होतो. इंट सोळा बिटांचा असेल तर ६५,५३५ त्यात मावत नाहीत, म्हणून तो अनसाइन्ड होतो. मटारच्या उदाहरणात दोन्ही बोर्डांचे कंपायलर नियमाप्रमाणेच वागले. नियमच रुंदीवर अवलंबून आहे.

पुण्यातल्या लोकांनी हा प्रकार जवळून पाहिलेला आहे. रेनेसास कंपनीच्या एच८ आणि एसएच या चिपांसाठी जीसीसीवर आधारलेला मोफत कंपायलर संच बरीच वर्षं पुण्याच्या केपीआयटी कमिन्सने पुरवला आणि त्याची देखभालही केली. त्यातल्या एसएचवर इंट बत्तीस बिटांचा. एच८ वर तो मुळात सोळा बिटांचा, पण कंपायलरला 'एमइंट३२' हा पर्याय दिला की बत्तीसचा होतो. म्हणजे चिप तीच, प्रोग्राम तोच, कंपायलरही तोच. बांधणीच्या फाइलमधला एक शब्द बदलला की अनसाइन्ड शॉर्टची बढती दुसऱ्या खात्यात. दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्राम हातात आला की मी आधी बांधणीची फाइल उघडतो, मग प्रोग्राम, ते यामुळेच. एव्हीआरच्या जीसीसीत तर इंट आठ बिटांचा करणारा पर्यायसुद्धा आहे. प्रमाण सीला इंट निदान सोळा बिटांचा लागतो, तेव्हा तिथे सगळेच नियम गुंडाळून ठेवलेले असतात. त्या वाटेला न जाणं बरं.

एकेकाळी दोन पंथ होते

कर्निघन आणि रिची यांचं सीवरचं पुस्तक १९७८ साली आलं तेव्हा भाषेत अनसाइन्ड फक्त इंटला लागत होतं. अनसाइन्ड कॅरॅक्टर आणि अनसाइन्ड शॉर्ट नंतर कंपायलर लिहिणाऱ्यांनी आपापल्या सोयीने आणले, आणि त्यांची बढती कशात करायची हेही आपापल्या सोयीनेच ठरवलं. युनिक्सबरोबर पसरलेल्या स्टीफन जॉन्सन यांच्या पोर्टेबल सी कंपायलरच्या परंपरेत अनसाइन्डपण जपलं जायचं: लहान अनसाइन्ड मोठा झाला तरी अनसाइन्डच. दुसरा पंथ किंमत जपणारा: आकडा तोच राहतो ना, मग साइन्ड इंटमध्ये टाका.

बहुतेक वेळा दोन्हींचं उत्तर सारखंच येतं, म्हणून हा मतभेद वर्षानुवर्षं खपून गेला. फरक पडतो तो मधलं उत्तर उणे होतं तेव्हा, आणि ते उत्तर पुढे तुलनेत, भागाकारात किंवा उजवीकडे सरकवण्यात वापरलं जातं तेव्हा. दहा वजा वीस, शून्यापेक्षा मोठे का? किंमत जपणारा म्हणतो, उणे दहा, नाही. अनसाइन्डपण जपणारा सोळा बिटांत म्हणतो, ६५,५२६, हो.

१९८३ साली बसलेल्या अमेरिकन प्रमाण समितीने १९८९ च्या प्रमाणात किंमत जपणारा नियम घेतला. लहान आकड्यांच्या वजाबाकीत नवशिक्याला अपेक्षित उत्तर मिळावं हा त्यामागचा विचार होता, आणि माझ्या मते तो बरोबर होता. पण जुने प्रोग्राम कुठलीही तक्रार न येता वेगळे चालू लागतील याची समितीला कल्पना होती. प्रचलित पद्धतीत केलेला आपला सर्वांत गंभीर बदल म्हणून तिने स्वतःच्या टिपणात हाच नोंदवला. सनच्या कंपायलरमध्ये म्हणून संक्रमणाचा वेगळा पर्याय होता, जो जुन्या पंथाने चालायचा. जीसीसीच्या जुन्या आवृत्त्यांतही 'ट्रॅडिशनल' हा तसाच पर्याय असे. ऐंशीच्या दशकातल्या युनिक्सवरून आलेला प्रोग्राम हाती पडलाच, तर हा इतिहास उपयोगी आहे. इतरांनी एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे की जुना पंथ आजच्या पीसीवर उरलेला नाही.

छोट्या चिपांवर मात्र तिसराच पंथ जिवंत आहे: बढतीच नाही. ८०५१ ला एका वेळी आठ बिटच हाताळता येतात. प्रत्येक बाइटला सोळा बिटांवर नेलं तर प्रोग्राम फुगतो आणि मंदावतो. म्हणून केलच्या सी५१ कंपायलरमध्ये बढती बंद करण्याची सूचना आहे, 'नोइंटप्रमोट' नावाची. मुळात तिथे बढती चालू असते. मायक्रोचिपच्या पिक१८ साठीच्या जुन्या सी१८ कंपायलरमध्ये बरोबर उलटं: मुळात बढती बंद, हवी असेल तर पर्याय देऊन चालू करायची. २०० आणि १०० या दोन वजनांची सरासरी बाइटमध्ये ठेवून काढा. बढती असेल तर ३०० भागिले २, उत्तर १५०. नसेल तर २०० अधिक १०० म्हणजे बाइटमध्ये ४४, आणि सरासरी २२. दोन्ही वजनांपेक्षा सरासरी कमी!

टर्बो सीचाही उल्लेख करायला हवा, कारण आपल्याकडची कित्येक कॉलेजं अजून डॉसबॉक्समधून तो चालवतात. टर्बो सीमध्ये इंट सोळा बिटांचा. यशवंत कानेटकरांच्या 'लेट अस सी'च्या जुन्या आवृत्त्यांवर शिकलेली पिढी इंट म्हणजे दोन बाइट असं पाठ करून बसली, आणि नंतरची पिढी चार बाइट असं. दोघांचंही पाठांतर आपापल्या यंत्रापुरतं खरं आहे. प्रयोगशाळेत टर्बो सीवर नीट चाललेली अनसाइन्ड शॉर्टची वजाबाकी घरच्या लॅपटॉपवर जीसीसीत वेगळी वागते ती यामुळेच.

काट्याच्या प्रोग्राममध्ये नेमकं कुठे अडतं

गुणाकार पाहिला, पण त्याची दुसरी बाजू राहिली. बत्तीस बिटांच्या बोर्डावर आलो म्हणजे सुटलो असं नाही. भाव पैशांत ठेवलात, किलोला ५०० रुपये म्हणजे ५०,००० पैसे, आणि मोठ्या काट्यावर ६० किलो माल ठेवलात, म्हणजे ६०,००० ग्रॅम. दोन्ही आकडे अनसाइन्ड शॉर्टमध्ये बसतात. गुणाकार तीन अब्ज. पण बढती साइन्ड इंटमध्ये झाली आहे, आणि त्याची मर्यादा २,१४,७४,८३,६४७. साइन्ड गणित मर्यादेबाहेर गेलं की सीच्या प्रमाणात त्याला काहीही अर्थ नाही. सहसा उणे आकडा दिसेल. पण कंपायलरला असंही गृहीत धरायची मुभा आहे की असं कधी घडतच नाही, आणि त्या भरवशावर तो तुमची पुढची 'उत्तर उणे आहे का' ही तपासणी उडवूनही टाकू शकतो. दोन अनसाइन्ड आकड्यांच्या गुणाकारातून साइन्डचा घोटाळा होतो हे अनुभवी लोकांनाही पटकन पटत नाही.

दोन्ही बोर्डांवर उपाय एकच. गुणाकार करण्याआधी दोहोंपैकी एकाला बत्तीस बिटांचा अनसाइन्ड करा. सी९९ पासून मिळणारा यूइंट३२ त्यासाठीच आहे. 'आधी' हा शब्द महत्त्वाचा. संपूर्ण गुणाकाराला कंसात घालून बाहेरून रूपांतर केलंत तर नुकसान होऊन गेल्यावर मोठं भांडं आणल्यासारखं आहे. आणि उत्तर मोठ्या चलात साठवल्याने गणित मोठं होत नाही. डाव्या बाजूला काय आहे हे उजव्या बाजूचं गणित करताना कंपायलर पाहतच नाही.

आता धडा. रिकाम्या भांड्याचं वजन २५० ग्रॅम नोंदवून ठेवलं, मग भांडं उचललं. एकूण शून्य वजा धडा २५०. तुम्ही लिहिलंत: एकूण वजा धडा शून्यापेक्षा कमी असेल तर पडद्यावर उणे चिन्ह दाखव. ईएसपी३२ वर उत्तर उणे २५०, चिन्ह दिसतं. ऊनोवर ६५,२८६, जे शून्यापेक्षा कमी कधीच असू शकत नाही, आणि रिकाम्या काट्यावर ६५ किलो २८६ ग्रॅम झळकतात. इथे वजाबाकीच टाळावी हे उत्तम. एकूण हे धड्यापेक्षा कमी आहे का, अशी थेट तुलना करा. दोन सारख्या प्रकारांची तुलना कुठल्याही रुंदीवर बरोबरच येते. फरकाची किंमत हवीच असेल तर दोन्ही आकडे बत्तीस बिटांच्या साइन्ड प्रकारात नेऊन वजा करा.

वेळेच्या हिशोबात गंमत उलटी होते: तिथे ऊनो बरोबर आणि ईएसपी३२ चूक. वजन १०० मिलिसेकंद स्थिर राहिलं तर ते पक्कं धरायचं, आणि मिलिसेकंद मोजणारा सोळा बिटांचा मोजक दर ६५ सेकंदांनी पुन्हा शून्यावर येतो. सुरुवात ६५,५३० ला झाली, आता मोजकात ९४ आहेत. खरं अंतर १००. ऊनोवर ९४ वजा ६५,५३० सोळा बिटांत वळून नेमके १०० येतात. हे वळणं सोयीचं आहे आणि अनसाइन्ड गणितात प्रमाणाने त्याची हमीही दिली आहे. ईएसपी३२ वर तेच उत्तर उणे ६५,४३६ येतं, १०० पेक्षा कमी. मोजक पुढे कितीही गेला तरी फरक पाचच्या वर चढत नाही, कारण ६५,५३५ नंतर तो परत शून्यावर. काटा गोठतो. प्रत्येक वेळी नाही, मोजक वळतानाच वजन ठेवलं गेलं तर. चाचणीत हे सापडणं नशिबाचा भाग. उपाय: वजाबाकीचं उत्तर तुलनेआधी परत सोळा बिटांच्या अनसाइन्डमध्ये कोंबा, म्हणजे कंसातल्या वजाबाकीवर यूइंट१६ चं रूपांतर लावा. गुणाकारात रूपांतर आत, इथे बाहेर. हे उलटसुलट का, ते समजून घ्या: तिथे तुम्हाला वरचे बिट जपायचे होते, इथे तुम्हाला ते फेकून द्यायचे आहेत.

काटा संगणकाला आकडे पाठवत असेल तर शेवटी एक तपासणीचा बाइट असतो: सगळ्या बाइटांची बेरीज त्यासह शून्य यावी अशी रचना. बेरीज १९२, तपासणी ६४, दोन्ही मिळून २५६, बाइटमध्ये शून्य. पण प्रमाणित कंपायलरवर बढतीमुळे बेरीज २५६ च राहते आणि 'शून्याबरोबर आहे का' याचं उत्तर नाही येतं. बढती बंद असलेल्या पिक१८ वर हाच प्रोग्राम वर्षानुवर्षं चालला असेल. तो नव्या बोर्डावर आणला की बरोबर निरोपसुद्धा चुकीचे ठरून फेकले जातात, आणि माणूस दिवसभर केबल बदलत बसतो. इथेही बेरजेला बाइटमध्ये परत आणून मगच तुलना.

बिट उलटवण्याचंही तसंच. बटणांच्या पोर्टवरून ९० वाचले, उलटवले, १६५ शी तुलना केली. बाइटमध्ये ९० चं उलट १६५ हे खरं, पण बढतीनंतर ते उणे ९१ असतं. तुलना कधीच जुळणार नाही. उलटवून चार घरं उजवीकडे सरकवून परत बाइटमध्ये ठेवलंत तर जीसीसीत १० ऐवजी २५० मिळतील, कारण वरून एकाचे बिट घरंगळत आले.

सर्वांत जास्त रडवतो तो एचएक्स७११ चा चोवीस बिटांचा आकडा. तीन बाइट येतात; पहिला सोळा घरं डावीकडे, दुसरा आठ घरं, तिसरा जागेवर, आणि सगळे जोडायचे. ऊनोवर बाइटची बढती सोळा बिटांच्या इंटमध्ये. त्याला सोळा घरं सरकवणं प्रमाणाप्रमाणे अर्थहीन आहे, कारण रुंदीइतकं किंवा जास्त सरकवताच येत नाही. मधला बाइट १२८ असेल तर आठ घरं सरकवून ३२,७६८ व्हायला हवेत. साइन्ड इंटची मर्यादा ३२,७६७. तो उणे होतो, आणि बत्तीस बिटांच्या अनसाइन्डमध्ये ठेवताना वरची सगळी घरं एकाने भरून ४,२९,४९,३४,५२८ असा आकडा तयार होतो. काट्यावर हळूहळू वजन वाढवत गेलात की आकडा नीट चढतो आणि अचानक आभाळाला टेकतो, थोडं आणखी ठेवलं की परत जमिनीवर. मुलं लोडसेल खराब म्हणून परत करायला निघतात. प्रत्येक बाइटला सरकवण्याआधी यूइंट३२ मध्ये न्या, लोडसेल आपोआप सुधारतो.

मराठी पावती छापायची असेल तर

हे थोडं बाजूचं आहे, पण आपल्याकडच्या लोकांना हमखास भेटणारं. नुसत्या कॅरॅक्टर प्रकाराला, साइन्ड किंवा अनसाइन्ड काही न लिहिता, चिन्ह आहे की नाही हे कंपायलर ठरवतो. इंटेलच्या पीसीवरच्या जीसीसीत तो साइन्ड, रास्पबेरी पायच्या लिनक्सवर अनसाइन्ड. देवनागरीतला 'म' यूटीएफ-८ मध्ये २२४, १६४, १७४ असे तीन बाइट होतो. पीसीवर तो पहिला बाइट कॅरॅक्टरमध्ये ठेवला की बढतीनंतर उणे ३२ होतो, आणि '२२४ बरोबर आहे का' याला उत्तर नाही. रोमन अक्षरं सगळी १२८ च्या आतली, त्यामुळे इंग्रजी पावती ठीक छापली जाते आणि 'मटार' लिहिलं की गडबड. मजकुराचे बाइट तपासायचे असतील तर ते स्पष्टपणे अनसाइन्ड कॅरॅक्टर म्हणून वाचा. अक्षर आहे की अंक हे सांगणारी लायब्ररीतली फंक्शनं वापरतानाही तसंच, कारण त्यांना उणे आकडा देणं बेकायदा आहे.

आपला कंपायलर ओळखायचा कसा

पुस्तिका वाचण्याआधी तीन छोटे प्रश्न त्याला विचारा. अनसाइन्ड शॉर्टमध्ये १ ठेवा आणि विचारा, हा उणे एकपेक्षा मोठा आहे का? लॅपटॉपवर आणि ईएसपी३२ वर हो. टर्बो सी आणि ऊनोवर नाही, कारण तिथे उणे एक आधी ६५,५३५ होतो आणि मग तुलना. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे खोटं वाटतं. दुसरा प्रश्न तोच, पण अनसाइन्ड कॅरॅक्टर घेऊन. इथे 'नाही' आलं तर तो जुन्या पंथाचा. तिसरा, दोन बाइटांमध्ये २०० आणि १०० ठेवून सरासरी. २२ आले तर बढती बंद आहे. आकडे थेट न लिहिता चलांत ठेवा आणि चलांना व्होलाटाइल करा, नाहीतर कंपायलर बांधणीच्या वेळीच हिशोब उरकून टाकतो.

जीसीसी किंवा क्लँग असेल तर इशारे चालू करा. कॅपिटल डब्ल्यूने सुरू होणारे तीन पर्याय कामाचे: कन्व्हर्जन, साइन-कम्पेअर आणि टाइप-लिमिट्स. धड्याच्या उदाहरणातली कधीच खरी न होणारी तुलना टाइप-लिमिट्स ऊनोवर पकडतो. कन्व्हर्जन फार बडबड करतो, जुन्या प्रोग्रामवर एकदम लावला तर शेकडो ओळी येतील. नव्या फाइलपासून सुरुवात करा. धावताना तपासणारा सॅनिटायझर पीसीवर साइन्ड गणिताची मर्यादा ओलांडली की सांगतो, म्हणजे तीन अब्जाचा घोटाळा तो पकडेल. पण मटारचा नाही. पीसीवर इंट बत्तीस बिटांचा आहे, तिथे ९०,००० मध्ये चूक काहीच नाही. ऊनोची चूक ऊनोवरच दिसणार, म्हणून ५४६ आणि ५४७ ग्रॅम, ० वजा धडा, मोजक वळण्याचा क्षण, मधला बाइट १२७ आणि १२८, असे कडेचे आकडे देऊन त्याच बोर्डावर चाचणी घ्या.

प्रोग्रामच्या डोक्यावर एक अट घालून ठेवणंही चांगलं: इंट अमुक बिटांचा नसेल तर बांधणीच थांबव. सी११ पासून स्टॅटिक असर्टने हे एका ओळीत होतं. त्याआधीच्या कंपायलरवर अनसाइन्ड इंटची कमाल मर्यादा प्रीप्रोसेसरमध्ये तपासा. गाड्यांच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांना मिस्रा सीचे नियम पाळावे लागतात. त्याच्या २०१२ च्या आवृत्तीत प्रत्येक पदावलीला बढतीआधीचा 'मूळ प्रकार' लावून पाहायला सांगितलं आहे, आणि लहान प्रकाराचं उत्तर थेट मोठ्या चलात टाकायला मनाई आहे. चाकण-पिंपरीकडे नोकरी करायची असेल तर हे आत्तापासून अंगवळणी पडू द्या.

सी२३ मध्ये बिटइंट नावाचा प्रकार आला आहे, ज्याला बढती मिळतच नाही: आठ बिटांचा अनसाइन्ड बिटइंट दुसऱ्या तशाच बिटइंटमध्ये मिळवला तर उत्तर आठ बिटांचंच. क्लँगमध्ये आणि जीसीसीच्या १४ व्या आवृत्तीपासून काही प्रोसेसरांसाठी तो मिळतो. तपकीर गल्लीतून आणलेल्या बोर्डाच्या कंपायलरमध्ये तो असेलच या भरवशावर मात्र राहू नका.

जुना प्रोग्राम नव्या बोर्डावर नेत असाल तर सगळे शॉर्ट आणि बाइट खोडून सरसकट अनसाइन्ड इंट करण्याचा मोह होईल. तो आवरा. त्याने वेळेचा हिशोब आणि तपासणीचा बाइट दोन्ही मोडतात, कारण त्यांना ठरावीक रुंदीवर वळणंच हवं असतं. त्याऐवजी प्रोग्राममध्ये लहान प्रकारांची वजाबाकी असलेली प्रत्येक तुलना शोधा, मग प्रत्येक गुणाकार, मग डावीकडे सरकवणं आणि उलटवणं, याच क्रमाने. प्रत्येक ठिकाणी ठरवा की इथे वरचे बिट हवेत की नकोत. हवे असतील तर गणिताच्या आत रूपांतर, नको असतील तर बाहेर. अर्ध्या दिवसाचं काम आहे. ते झाल्यावर मगच लोडसेलला हात लावा.